सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुने पुराचे व्हिडिओ आणि त्यावरून राजकीय भांडणं: आवरायचं कसं?

बी_विंग_इंदिरानगर
आम्ही नाशिकचे. पाऊस लागला रे लागला की ग्रुपवर गोदावरीतला दुतोंड्या मारुती (आमचं पुराचं माप) बुडाल्याचे व्हिडिओ, ‘धरणातून इतके टीएमसी सोडले’, मध्येच कांद्याचे भाव. खाली ठरलेली जुगलबंदी: ‘बघा तुमचं सरकार’, त्यावर ‘तेव्हा कुठे होतात?’, मग ‘मीडिया विकला गेलाय’, मग जोडलेले हात आणि शेवटी कुणीतरी लेफ्ट. टँकर कधी येणार ही कामाची सूचना त्यात गडप. अ‍ॅडमिनपद नुकतंच गळ्यात पडलंय. पटकन तपासायचं कसं, आणि पाठवणारे बहुतेक ज्येष्ठ असल्यामुळे बोलायचं कसं? शिवाय ‘आक्षेपार्ह पोस्ट आली तर आयटी कायद्याच्या कलम ६६-अ खाली अ‍ॅडमिनला अटक’ असा मेसेज फिरतोय. त्यात किती तथ्य?

कारंजावरचा
व्हिडिओचं सांगतो. ‘खरा की खोटा’ हा प्रश्नच सोडून द्या. पूर खराच असतो, तारीख खोटी असते. ४ ऑगस्ट २०१९ चं फुटेज दर पावसाळ्यात ‘आत्ताचं’ म्हणून उगवतं, २०१६ चंही. तेव्हा विचारायचं ते ‘कधीचं?’

व्हिडिओ तीन-चार ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या. नुसतं पाणी दिसतंय अशी फ्रेम बिनकामाची, गूगल लेन्स (फोटोवरून शोधणारं अ‍ॅप) जगातला कुठलाही पूर दाखवेल. पाटी, देऊळ, पूल, फ्लेक्स असलेला भाग कापून लेन्सला द्या. फ्लेक्सवर वाढदिवस कुणाचा आणि त्याच्या नावाखाली पद कोणतं लिहिलंय यावरून साल बरोब्बर सापडतं. आपल्याकडे फ्लेक्सची वाण नाही! मागे सिटीलिंकची (आपली शहर बससेवा) बस दिसली तर व्हिडिओ जुलै २०२१ नंतरचा. मात्र बस दिसली नाही म्हणजे त्याआधीचा, असं धरू नका. दुकानांच्या पाट्या उलट्या दिसल्या तर व्हिडिओ आरशासारखा फिरवलाय. लेन्सला चकवायला हे करतात. स्क्रीनशॉट आडवा फ्लिप करून पुन्हा शोधा.

आता आकडे. क्युसेक हा वेग आहे, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. टीएमसी हा साठा, शंभर कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेकने अख्खा दिवस पाणी सोडलं तर एक टीएमसी होतं. ‘गंगापूरमधून आज पाच टीएमसी सोडले’ असं कुणी लिहिलं तर धरणच रिकामं केलं म्हणावं लागेल, कारण त्याची सगळी क्षमता साडेपाचच्या आसपास. गंगापूरचा विसर्ग आणि खाली शहरात होळकर पुलाखालचा प्रवाह हे आकडेही वेगळे असतात, मधलं पाणी येऊन मिळतं. दोन आकडे जुळले नाहीत म्हणून लगेच ‘प्रशासन लपवतंय’ म्हणून ओरडायचं कारण नाही.

उन्हाळ_लाल
कांद्याच्या फॉरवर्डमध्ये लबाडी एकाच जागी असते. बाजार समिती किमान, कमाल आणि सरासरी असे तीन दर देते, तेही क्विंटलला. ज्याला ‘शेतकरी मजेत आहे’ म्हणायचंय तो कमाल उचलतो, ज्याला ‘शेतकरी मेला’ म्हणायचंय तो किमान. कमाल दर एखाद्या निवडक ट्रॉलीलाही मिळालेला असू शकतो. सरासरी बघा, शंभराने भागा, की किलोचा भाव मिळाला. वर लाल कांदा की उन्हाळ हे लिहिलेलं नसेल तर तुलना करूच नका. दोन्हींची आवक एकत्र असते तेव्हाही दर वेगळे निघतात. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर तारीख टाकून लासलगाव, पिंपळगाव वेगवेगळं बघता येतं.

आणि ‘निर्यातबंदी लागली’ची कात्रणं: बंदी ८ डिसेंबर २०२३ ला लागली आणि ४ मे २०२४ ला उठली. कात्रणात तारखेची ओळ कापलेली असेल तर ती मुद्दाम कापली असं समजा. त्याच पेपरच्या ई-पेपरवर त्या आवृत्तीत बातमी सापडली तरच पुढे बोला.

कोर्टगल्ली
६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्याचा धाक घालणारा मेसेज तिथेच बाद. मेंबरने काही टाकलं, एवढ्यावरून अ‍ॅडमिनवर गुन्हा ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही २०२१ मध्ये सांगितलंय. अ‍ॅडमिनचाही त्यात हात असेल तर गोष्ट वेगळी. दंगलीला चिथावणी देणारं, मुलं पळवणाऱ्या टोळीचं असं काही आलं तर मात्र चर्चा करत बसू नका. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला अशाच अफवेतून पाच जण ठेचून मारले गेले. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. आधी स्क्रीनशॉट ठेवा, मग डिलीट, मग पोलिसांना कळवा.

चहा_बिनसाखर
बोलण्याचं. चारचौघांत ‘काका, फेक आहे’ म्हटलं की काका व्हिडिओचा नाही, स्वतःचा बचाव करतात. तिथून ‘तुम्ही कालची पोरं’ सुरू. आधी खाजगीत: ‘काका, हा २०१९ चा दिसतोय, लिंक पाठवतो. तुम्हीच ग्रुपवर टाकता का?’ दुरुस्ती त्यांच्या हातून झाली की मान राहतो.

‘राजकीय पोस्ट नको’ हा नियम टिकत नाही. माजी नगरसेवकांचा फोटो असलेल्या दिवाळीच्या शुभेच्छा राजकीय की नाही, यावरच तीन दिवस जातील. नियम मोजता येईल असा हवा: फॉरवर्डसोबत कधीचं, कुठलं आणि कुठून आलं हे तीन शब्दांत लिहा, नाहीतर डिलीट. ‘जसं आलं तसं पाठवलं’ चालणार नाही. आणि तो सर्व पक्षांना सारखा लावा, नाहीतर अ‍ॅडमिनच पहिला बळी. टँकर-लिफ्टच्या सूचनांचा ग्रुप वेगळा काढून तिथे फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग करा.

कारंजावरचा
खाजगीत सांगा हे पटलं, पण पुराच्या दिवशी नाही. काका दुपारी झोपलेले आणि इकडे लोक घाटावरच्या गाड्या हलवायला धावतायत, असं होतं. तेव्हा नाव न घेता लगेच टाका: ‘वरचा व्हिडिओ २०१९ चा आहे. आत्ताचा विसर्ग इतका, वेळ इतकी.’ काकांना फोन नंतर.

बी_विंग_इंदिरानगर
तीन शब्दांचा नियम आजच पिन करतो. एकच शंका: मेसेजवर फॉरवर्डचा दुहेरी बाण नसेल तर तो मेंबरचा स्वतःचा समजायचा का?

उन्हाळ_लाल
नाही. दुहेरी बाण म्हणजे मेसेज निदान पाच हातांतून आलाय, आणि तसा मेसेज पुढे एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण मजकूर कॉपी-पेस्ट केला किंवा व्हिडिओ उतरवून गॅलरीतून पुन्हा चढवला की बाण जातो. बाण असेल तर तपासाच. नसेल आणि भाषा ‘सर्व नाशिककरांनो सावधान’ अशी असेल तरीही तपासा.