संध्याकाळची नोकरी आणि नर्सिंगचं पहिलं सेमिस्टर, दोन्ही कसं जमवलंत?

पहिलं_सेमिस्टर (प्रश्न)

वय २७. गेली पाच वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबच्या रिसेप्शनवर आहे. नोंदणी, बिलं, रिपोर्ट देणं, फोन घेणं. नर्सिंगला जायचं शाळेपासून मनात होतं, घरच्या अडचणींमुळे राहून गेलं. यंदा प्रवेश मिळाला. सहा आठवडे झाले.

आठ ते दोन कॉलेज, तीन ते दहा लॅब, सोमवार ते शनिवार. घरी पोचायला पावणेअकरा होतात. जेवून आवरून पुस्तक उघडते तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात. एकपर्यंत बसते, सहाला उठते. दीड तास अभ्यास होतो असं मी सगळ्यांना सांगते, पण परवाचंच बघा. हृदयातून रक्त कसं फिरतं ते वाचत होते. राइट एट्रियम, ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह, राइट व्हेंट्रिकल इथवर आले आणि एकदम सकाळच झाली. वही गालाखाली, आणि पेनाची रेघ व्हेंट्रिकलपासून थेट पानाच्या कडेपर्यंत ओढलेली. अॅनाटॉमीच्या पहिल्या चाचणीत ५० पैकी १९ मिळाले.

पुढच्या महिन्यापासून वॉर्ड ड्युटी सुरू होतेय. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सातला हजर. नोकरी पूर्ण सोडता येणार नाही. वडील आता कामावर जात नाहीत आणि धाकट्या भावाची फी माझ्या पगारातून जाते. पण मला नुसतं पासही व्हायचं नाही. आजीच्या शेवटच्या आजारपणात एक नर्स होत्या. सलाईन बदलायला आल्या की आधी आजीला पूर्ण नावाने हाक मारायच्या, ती ‘ओ’ म्हणाली की मगच बाटलीला हात लावायच्या. मला तशी नर्स व्हायचंय.

नोकरी करत शिकलेल्यांनी कृपया सांगा, काय कमी करू आणि काय अजिबात करू नको?

वॉर्डातली_ताई

तुझं लिहिणं वाचून जुने दिवस आठवले, म्हणून सविस्तर लिहिते. मी नर्सिंग शिकताना दोन वर्षं रात्री एका आजारी बाईंच्या घरी सोबतीला असायचे. पगार बरा होता, आणि त्या झोपल्या की अभ्यास करता येईल असा हिशोब होता. कधी व्हायचा, कधी त्यांना रात्रभर झोप नसायची.

अशाच एका रात्रीनंतर मी सरळ वॉर्डात गेले. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं होतं, सेट (बाटलीची नळी) २० थेंबांचा, २० थेंबांत एक मिली जाणारा. म्हणजे ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, मिनिटाला साधारण ४२ थेंब. मी डोक्यात मायक्रो सेटचे, म्हणजे बारीक थेंबांच्या नळीचे, मिलीला ६० थेंब धरले आणि उत्तर काढलं १२५. घड्याळ डोळ्यांसमोर धरून, थेंब कमी-जास्त करायच्या रोलरवर अंगठा ठेवून थेंब वाढवायला लागणार, तेवढ्यात मागून मॅडमनी माझं मनगट धरलं. ओरडल्या नाहीत. विचारलं, “रात्री किती झोपलीस?” मी म्हटलं, झोपलेच नाही. त्यांनी स्वतः थेंब लावले, मला बाहेर बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, “झोप झाल्याशिवाय पेशंटजवळ येऊ नकोस.” त्या पेशंटचा चेहरा मला अजून आठवतो. साठीचे गृहस्थ होते, हृदयाचा त्रास. माझ्याकडे बघून हसले होते. त्यांच्या हृदयाला तो पाण्याचा लोंढा झेपला असता की नाही, हा विचार पुढे कितीतरी दिवस सुटला नाही.

नंतर कळलं की यावर अभ्यास झालेला आहे. १९९७ साली ‘नेचर’मध्ये डॉसन आणि रीड यांचा निबंध आला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हात रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालतात, आणि २४ तास झाले की ०.१० टक्क्यांसारखे. म्हणजे तू सहाला उठून रात्री अकराला घरी येतेस तेव्हा तुझे १७ तास भरलेले असतात, आणि त्याच्यावर तू अॅनाटॉमी उघडतेस. ते १९ गुण तुझ्या बुद्धीचे नाहीत गं. ते त्या वेळेचे आहेत.

आता आठवड्याचा हिशोब मांडू. एकूण १६८ तास. कॉलेज ३६, लॅब ४२, प्रवास १० धर, रोज सात तास झोप म्हणजे ४९. झाले १३७. उरले ३१. जेवण, अंघोळ, कपडे, घरचं काम यांना दिवसाचे तीन तास म्हणजे २१. हातात राहिले १०, आणि तेही बहुतेक रविवारी. म्हणून तू झोपेतून चोरतेस, दुसरीकडे कुठून आणणार? सहा शिफ्टच्या तीन केल्यास तर २१ तास सुटतात. एवढाच मार्ग मला दिसतो. वेळापत्रकाला कितीही रंग दिलेस तरी ४२ तासांच्या नोकरीसोबत हे बसत नाही.

लॅबमध्ये आत्ताच बोल. वॉर्ड सुरू होऊन दांड्या पडायला लागल्यावर बोललीस तर ती तक्रार वाटते. पोस्टिंगचा तक्ता हातात घेऊन जा आणि “कमी करा” असं मोघम म्हणू नकोस. “रविवार पूर्ण दिवस, शनिवार आणि बुधवारची संध्याकाळ” असं नेमकं माग. पाच वर्षांची अनुभवी मुलगी कुणालाही सहज सोडवत नाही. आणि वॉर्डच्या आदल्या रात्री शिफ्ट नाही, हे मात्र पक्कं ठेव. बाकी सगळ्यात तडजोड कर.

आजीच्या त्या नर्सबद्दल. नावाने हाक मारणं ही त्यांची माया होतीच, पण ते कामही होतं. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, यातलं पहिलं त्या तपासत होत्या. तुला शिकवायच्या आधी तुझ्या लक्षात आलेलं आहे ते.

रात्रीचा_अटेंडंट

मी तिसऱ्या वर्षाला आहे, शनिवार-रविवार वॉर्ड अटेंडंटचं काम करतो. ताईंचं झोपेबद्दल शंभर टक्के पटलं. शिफ्ट कमी करण्याबद्दलही. फक्त लॅबकडे निव्वळ वेळ खाणारी गोष्ट म्हणून बघू नका, एवढं मला म्हणायचंय. तुम्ही रोज शेकडो रिपोर्ट हाताळता. क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन हे शब्द माझ्या वर्गातल्या मुलांना दुसऱ्या सेमिस्टरला पहिल्यांदा भेटले, तुम्हाला पाच वर्षं ओळखीचे आहेत. किडनी शिकताना क्रिएटिनिनचा रकाना डोळ्यांसमोर आणा. त्या धाग्यावर बाकीचं आपोआप ओवलं जातं. (पेशंटचं नाव आणि रिपोर्ट तिथेच ठेवायचे, वहीत घ्यायचे नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच.)

अभ्यास कसा करायचा याबद्दल जरा लांबून सांगतो, कारण माझी गाडी इथेच अडली होती. मी वाचायचो, पिवळा मार्कर फिरवायचो, पुन्हा वाचायचो. पानं पिवळी झाली, पेपरात काही आठवेना. मग एका सिनिअर दादाने पुस्तक बंद करायला लावलं आणि कोरा कागद दिला. “हृदय काढ.” मला चार कप्प्यांपुढे काही येईना. त्याने मदत केली नाही. दहा मिनिटं झटल्यावर पुस्तक उघडू दिलं, आणि चुकलेलं तेवढंच लाल पेनाने भरायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद. मग तीन दिवसांनी. मग आठवड्याने. चौथ्या कागदावर लाल पेन फक्त पल्मनरी व्हेनच्या जागी लागलं, कारण ‘व्हेन’ म्हटलं की मी अशुद्ध रक्त धरायचो आणि इथे तर शुद्ध रक्त येतं.

रोएडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग हेच सांगतो. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत जास्त आठवलं, पण आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा स्वतःची परीक्षा घेणारे पुढे होते. रात्री वाचताना “येतंय की” वाटतं ना, ते त्या पाच मिनिटांपुरतं असतं.

या पद्धतीला सलग दोन तासही लागत नाहीत. बसमध्ये डोळे मिटून रक्ताचा रस्ता म्हणा, जिथे अडाल ते खिशातल्या चिठ्ठीवर लिहा. बोटांवर नाडी मोजायला शिका, तीही पूर्ण मिनिटभर. श्वास मोजत असल्याचं मात्र पेशंटला कळू देऊ नका, कळलं की श्वास बदलतो. मी मनगट धरूनच ठेवतो आणि नजर छातीवर नेतो.

ताईंनी सांगितलेल्या थेंबांच्या गणिताचा सराव आजपासून धरा, रोज एकच, पण झोप झालेली असताना. हे घ्या पहिलं: १००० मिली, आठ तास, सेट १५ थेंबांचा. उत्तर इथेच लिहा.

दुसऱ्यांदा_पहिलं_वर्ष

मी शिफ्ट कमी केली नाही. मागायची हिंमत झाली नाही. वॉर्डातली हजेरी कमी पडली, परीक्षेला बसू दिलं नाही, सेमिस्टर गेलं. आता पुन्हा करतेय, आठवड्याला फक्त १६ तास काम, आणि विषय समजायला लागलेत. कॉलेजात वर्गशिक्षिकेलाही सांगून ठेव की तू नोकरी करतेस. मी लपवलं होतं. सांगितल्यावर मॅडमनी स्वतःहून फी सवलतीचा अर्ज पुढे केला. तो वर्षभर ऑफिसात पडून होता, कुणी मागत नव्हतं म्हणून.

पहिलं_सेमिस्टर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा १६८ तासांचा हिशोब मी वहीत स्वतःच्या हाताने पुन्हा मांडला आणि नंतर बराच वेळ नुसती बसून राहिले. सहा आठवडे मला वाटत होतं की मीच आळशी आहे.

काल तक्ता घेऊन लॅबच्या मॅनेजर सरांकडे गेले. शनिवारची संध्याकाळ आणि रविवार पूर्ण दिवस मिळाला. बुधवारचं महिनाभर बघून ठरवू म्हणाले. पगार निम्म्याच्या जवळ येणार. भावाला घरी बसवून सगळं समजावलं. तो म्हणाला, “ताई, मी लहान मुलांच्या शिकवण्या घेतो.” मी अजून हो म्हटलेलं नाही, त्याचंही वर्ष महत्त्वाचं आहे. फी सवलतीबद्दल सोमवारी मॅडमना विचारणार आहे.

दादा, कोऱ्या कागदावर हृदय काढलं. तिसऱ्या कागदापर्यंत लेफ्ट एट्रियममधून पुढे मायट्रल व्हॉल्व्ह, लेफ्ट व्हेंट्रिकल, एओर्टा असं न अडखळता आलं. पल्मनरी व्हेनला मीही अडकले.

तुमचं गणित सकाळी उठल्या उठल्या सोडवलं. १००० गुणिले १५ म्हणजे १५०००, भागिले ४८० मिनिटं, ३१.२५. म्हणजे मिनिटाला ३१ थेंब, दर दोन सेकंदांना जवळजवळ एक. तो वेग दिसतो कसा ते बघायचं होतं म्हणून बेसिनचा नळ अगदी बारीक सोडला आणि घड्याळ समोर धरून मोजलं. पहिल्यांदा ५२ आले, मग ४०, मग ३४. ३१ वर आणायला सात वेळा नळ फिरवावा लागला.