मदत हवी आहे: १६०० मीटरला ५:४२ च्या खाली येईना, पळणं अंगातच असावं लागतंय काय?

दमलेला_घोडा: लवकर सांगा कुणीतरी. चार महिने झाले रोज पळालोय, टाइम ५:४२ वर अडकलाय. आणि माझा आतेभाऊ, ज्यानं जन्मात कधी प्रॅक्टिस केली नाही, परवा ग्राउंडवर आला, चप्पल काढली आणि ५:०८ मारला. आमचे सर म्हणाले पळणं रक्तात असावं लागतंय, तू गोळाफेकीकडं बघ. मग फी कशाला भरालोय मी? जन्माचं असतंय का प्रॅक्टिसनं येतंय एवढंच सांगा, लेक्चर नको.

रंकाळा_राउंड: भरती पोलिस का आर्मी? वय? वजन? पळतोस कुठं? काय सांगशील तर सांगू की.

दमलेला_घोडा: पोलिस. म्हणजे ५:१० च्या आत पाहिजे, २० पैकी २० मार्कांना. वय २१. वजनाचा काय संबंध?

मोजून_मापून: शीर्षक वाचून मैलाचा धागा वाटला. मैल १६०९ मीटरचा असतो, तुझ्या वेगाला तो फरक जवळजवळ दोन सेकंदांचा आहे. जगाचा विक्रम ३:४३.१३, हिशाम एल गेरूज, १९९९, रोम.

रंकाळा_राउंड: त्याला रोमला पाठवतोस काय लगा, त्याला ५:१० पाहिजे.

तालमीतला: अंगात असावं लागतंय हेच खरं. वस्तादच्या नजरेला पोरगं आखाड्यात उतरलं की कळतंय. थंडाई पी, पहाटे दोनशे जोर मार, जमलं तर जमलं.

ठाण्याचा_किरण: रक्तात वगैरे काही नसतं. अविनाश साबळे बघा, बारावीनंतर सैन्यात गेला, तिथं २०१५ ला क्रॉसकंट्रीला लागला आणि २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगला ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) ८:०९.९१. सगळी मेहनत.

तालमीतला: आणि लहानपणी सहा किलोमीटर चालत-पळत शाळेला जायचा ते का गाळलंस?

ठाण्याचा_किरण: ती पण मेहनतच झाली ना मग!! माझाच मुद्दा सांगताय तुम्ही.

कळंबा_काठ: दोघंबी थांबा. घोड्या, तो आतेभाऊ करतो काय?

दमलेला_घोडा: काय नाही, पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला घर आहे, सातवीपासून दोन टायमाला सायकलवर दुधाची किटली घालतोय डेअरीला. चढ आहे सगळा.

कळंबा_काठ: आणि म्हणं प्रॅक्टिस न करता 😂

तालमीतला: मी पण बारा वर्षं सायकल हाणली, सात मिनिटांच्या खाली कधी आलो नाही. मग?

मोजून_मापून: दोन्ही खरं आहे. हेरिटेज नावाच्या अभ्यासात शेकडो लोकांना २० आठवडे सारखाच व्यायाम दिला होता, काहींची ऑक्सिजन वापरायची क्षमता भरपूर वाढली आणि काहींची जवळपास हललीच नाही, आणि तो फरक बराचसा घराण्यागणिक होता. पण ५:१० ला एवढं खोलात जायची गरज नाही.

भरतीवाली_८००: मी पण गेल्या वर्षी ह्यातच अडकलो होतो. आधी हे सांग, चार राउंडचे वेगवेगळे टाइम किती?

मुंबईकर_सॅम: अडकलो का अडकले? ताई का दादा?

भरतीवाली_८००: ताईच हाय. कोल्हापुरात बायका असंच बोलतात, तू पाहुणा दिसतोयस.

दमलेला_घोडा: ६७, ८५, ९४, ९६. मोबाईलवर नाही, विद्यापीठाच्या ग्राउंडवर घड्याळ लावून.

भरतीवाली_८००: हात्तिच्या! ५:१० ला राउंड पडतोय साडेसत्त्याहत्तरचा आणि तू पहिलाच ६७ ला मारालास, दुसऱ्यापासनं मेलास. पहिला ७८ ला सोड, मागचे पुढं जाऊ देत, शिव्या घालू देत. आणि रोज पळालोय म्हणजे रोज फुल १६०० लावतोस काय?

दमलेला_घोडा: मग? रोज टाइम घेतल्याशिवाय कळणार कसं. रविवारी पण.

मोजून_मापून: हेच विचारायचं राहिलं बघा आमच्याकडून. १९५४ ला रॉजर बॅनिस्टरनं चार मिनिटांच्या आत पहिला मैल मारला, ३:५९.४. त्याआधी तो ४४० यार्डांचे दहा राउंड मारायचा, मध्ये दोन मिनिटं आराम. राउंड ६१ सेकंदांवर अडकले ते हलेनात. मग पळणं सोडून स्कॉटलंडला डोंगर चढायला गेला थोडे दिवस, परत आला आणि ५९ निघाला. तुला आठवड्यातनं एकदाच टाइम, एकदा ४०० चे सहा राउंड ७७-७८ नं, बाकीचे दिवस बोलत बोलत पळता येईल एवढं हळू, आणि एक दिवस झोप.

तालमीतला: डोंगर चढायचाच तर जोतिबाला पायी जा म्हणावं, पुण्य पण लागंल.

मुंबईकर_सॅम: विषय निघालाच आहे तर, पन्हाळ्याला जाताना मिसळ कुठे चांगली? मी शनिवारी येतोय.

रंकाळा_राउंड: झालं, आता धागा मिसळीवर जातोय. कट जास्त माग, पाव दोन घे.

दमलेला_घोडा: आज पहिला राउंड ७९ ला सोडला, लाज वाटत होती, पोरं हसली. शेवटचा ८३ आला. एकूण ५:२६. पण सगळ्यांनी अजून सांगितलं नाही, अंगात असावं लागतंय का नाही?

तालमीतला: लागतंय.

ठाण्याचा_किरण: नाही लागत.