कॅल्शियम रिअॅक्टर चालू, तरी केएच घसरतंय

प्रश्न (दादर): ३०० लिटर रीफ टँक (प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक). केएच (पाण्याची क्षारता, प्रवाळ ती वापरतात) ८, रोज ०.५ ने उतरतं. रिअॅक्टरमध्ये (सीओटूने पाणी आम्ल करून कॅल्शियमचे खडे, म्हणजे मीडिया, विरघळवणारं उपकरण) पीएच ६.५, बाहेर पडणारं पाणी ५ मिली/मिनिट, त्याचं केएच ३०. सीओटू वाढवू का?

उत्तर (मुलुंड): नको! पीएच आणखी पाडलात तर मीडियाचा चिखल होऊन पंप तुंबेल. कमी पडतोय तो प्रवाह. दिवसाला ७.२ लिटर × २२ (३० वजा ८) ÷ ३०० म्हणजे जेमतेम ०.५ केएच, वर रोज ०.५ घटतंय, म्हणजे खप १ चा आहे. १० मिली करा. रिअॅक्टरचा पीएच चढेल, मग सीओटूचे बुडबुडे थोडे वाढवून परत ६.५ वर आणा. पुढचा बदल २४ तासांनी, केएच त्याच वेळेला मोजून.

उत्तर (ठाणे): रिअॅक्टरमधून येणारं पाणी स्किमरच्या (हवेच्या फेसाने घाण काढणारं यंत्र) तोंडाशी सोडा, उरलेला सीओटू उडतो. रात्रभर एसी लावून बंद खोलीत टँकचा पीएच आणखी पडतो, खिडकी किलकिली ठेवा. मॅग्नेशियमही तपासा, १३०० पीपीएमच्या आसपास हवं.