सोन चिखल्या की करडा चिखल्या, थंडीत ओळखायचं कसं?

प्रश्न: हिवाळ्यात हे दोन्ही पाणथळ जागेतले पक्षी फिकट तपकिरी-करडेच दिसतात आणि लांबून तर माझा पार गोंधळ उडतो. फोटो आहेत पण पक्षी एकटाच आहे, त्यामुळे साइज कळत नाही. नक्की काय बघू?

उत्तर १: उडताना बघ, बाकी सगळं नंतर. करड्याच्या पंखाखाली, म्हणजे अगदी काखेत, काळा डाग असतो आणि शेपटीच्या वरचा भाग पांढरा, हे एकदा दिसलं की विषयच संपला. सोन चिखल्याची काख नुसती राखाडी आणि पाठीपासून शेपटीपर्यंत एकच रंग.

उत्तर २: बसलेला असेल तर चोच बघा, करड्याची जाड, डोकंही मोठं, एकूण बांधा दणकट. सोन चिखल्या सडपातळ, भुवई (डोळ्यावरची पट्टी) पिवळसर. पण करड्याच्या पिल्लांच्या पाठीवरही पिवळट ठिपके असतात हां, मी स्वतः तिथेच फसलेय, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका.

उत्तर १: बरोबर. आणि फोटोत पाय क्लिअर असतील तर झूम करा, करड्याला मागे बारीकसं चौथं बोट असतं, सोन चिखल्याला तीनच.

प्रश्नकर्ता: एका फोटोत पंख वर आहेत, काख काळीकुट्ट! करडाच. खूप आभार दोघांचे.