मदत हवी आहे: मेनूकार्डावर 'मेन कोर्स'ला मराठीत काय लिहू?

मंडळी, आईबाबांच्या लग्नाला 50 वर्षं होतायत. न्यू जर्सीत 60 माणसांचं जेवण ठेवलंय आणि कार्ड मराठीतच हवं, असा बाबांचा हट्ट आहे.

केटररच्या फॉर्मवर 'आँत्रे: दोन निवडा' असं होतं. आमची वहिनी फ्रान्समध्ये शिकलेली, तिने त्यापुढे कोशिंबीर आणि बटाटेवडा लिहून पाठवलं! तिकडे आँत्रे म्हणजे जेवणाची सुरुवात, मुख्य पदार्थाला नुसतं 'प्ला' म्हणतात. अमेरिकेत मात्र आँत्रे म्हणजेच मुख्य पदार्थ. ते कसंबसं निस्तरलं.

आता खरी अडचण. 'मुख्य जेवण' लिहिलं तर बाबा म्हणाले, "मग बाकीचं काय, उपजेवण?" 'मुख्य पदार्थ' सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. आणि आपल्या पानात मुख्य असं असतं तरी काय? डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर; उजवीकडे भाज्या, आमटी; मध्ये भाताची मूद, त्यावर वरण आणि तुपाची धार. आधी वरणभात, मग पुरी-श्रीखंड, मसालेभात, शेवटी ताकभात. गोडसुद्धा जेवणातच, नंतर नाही.

आई म्हणते, सरळ 'डावी बाजू' आणि 'उजवी बाजू' छापा. मला पटलंय, पण बुफेच्या रांगेत डावं-उजवं कोण बघणार?

कुणी असं मराठी कार्ड छापलंय का? काय शब्द वापरलेत? फोटो असेल तर प्लीज टाका, शुक्रवारी छपाईला द्यायचंय. ('मुख्याहार' नको, ते भावाने आधीच सुचवून झालंय.)