टोकियोत राहताना प्रत्यक्ष संगीत कुठे आणि कसे ऐकावे?

रातराणी

सर्वांना नमस्कार. नोकरीनिमित्त मी टोकियोत राहायला आले असून माझे घर निशी-कासाई येथे आहे. कार्यालयातील सहकारी मला आग्रहाने इझाकायात, म्हणजे जपानी मद्यगृहात, आणि काराओकेला नेतात आणि त्यात वेळही चांगला जातो. परंतु समोर बसून वाजवणाऱ्या कलाकाराला ऐकण्याची जी ओढ मला लहानपणापासून आहे, ती त्याने भागत नाही. मला जॅझ विशेष प्रिय आहे आणि येथील तरुण बँडविषयीही मोठे कुतूहल आहे. मात्र माझे जपानी जेमतेम आहे, मी मद्य घेत नाही, शाकाहारी आहे आणि बहुतेक वेळा एकटीच जाणार आहे. कार्यक्रमांच्या जाहिरातींत तिकिटाच्या किमतीखाली पेयाचे पैसे वेगळे द्यावे लागतील असे लिहिलेले असते, ते मद्य न घेणाऱ्यालाही लागू होते का? तिकिटे कशी मिळवावीत आणि रात्री उशीर झाला तर परतण्याची सोय काय असते? ज्यांना या गोष्टींचा प्रत्यक्ष अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

टाळमृदुंग

रातराणी, तुमच्या घराजवळच्या स्थानकापासूनच सुरुवात करतो. तोझाई या मेट्रो मार्गावरील काही गाड्या नाकानोला न संपता पुढे मिताकापर्यंत जातात, त्यामुळे निशी-कासाईला बसल्यावर गाडी न बदलता थेट कोएंजीला उतरता येते. कोएंजी आणि शिमोकिताझावा या दोन वस्त्यांत तळघरांमधून चालणारी लहान लाइव्ह हाउस, म्हणजे प्रत्यक्ष संगीत ऐकवणाऱ्या जागा, इतकी आहेत की आठवड्यातील कोणत्याही संध्याकाळी काही ना काही चालू असतेच. कोएंजीतील जिरोकिची 1975 पासून ब्लूज आणि जॅझ ऐकवत आहे. शिमोकिताझावातील शेल्टर 1991 पासून रॉक बँडना उभे करत आले आहे. मोठ्या सभागृहांपेक्षा मी तुम्हाला आधी अशाच जागा सुचवीन, कारण तेथे गिटारवादकाची बोटे दिसतात, ड्रमचा ठोका छातीत जाणवतो आणि कार्यक्रम संपल्यावर तोच वादक दाराशी टेबल मांडून स्वतःची सीडी विकत उभा असतो.

पेयाचे पैसे प्रत्येकाला द्यावे लागतात, साधारण 600 येन. त्यामागील कारण समजले की ते अन्यायाचे वाटत नाही. बहुतेक लाइव्ह हाउस नाट्यगृहासारख्या करमणुकीच्या वास्तूचा परवाना न घेता खाद्य-पेयगृहाच्या परवान्यावर चालतात, आणि म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकाला किमान एक पेय विकणे हा त्यांच्या व्यवसायाच्या चौकटीचाच भाग ठरतो. दाराशी पैसे देऊन एक बिल्ला मिळतो, तो बारवर दिला की ऊलाँग चहा, संत्र्याचा रस किंवा पाण्याची बाटली मिळते. मद्य न घेण्याबद्दल कोणीही विचारीत नाही.

आत जाताना स्वागतकक्षावर आज आपण कोणत्या बँडसाठी आला आहात असा प्रश्न हमखास विचारला जातो. नवख्या श्रोत्याला ती केवळ औपचारिकता वाटते, परंतु कृपया तेथे विचार करून उत्तर द्यावे. एका रात्री चार-पाच बँड वाजवतात आणि अनेक ठिकाणी प्रत्येक बँडवर ठराविक संख्येने तिकिटे खपवण्याची जबाबदारी असते. ती संख्या भरली नाही तर उरलेली रक्कम त्या मुलांना स्वतःच्या खिशातून भरावी लागते. तुम्ही ज्यांचे नाव घेता, त्यांच्या खात्यात एक श्रोता जमा होतो. दिवसा दुकानात उभे राहून काम करणारी आणि रात्री वाजवणारी ही मुले पाहिल्यापासून मला ही पद्धत फार कठोर वाटते, पण ती आहे तोवर आपले उत्तर त्यांच्या उपयोगी पडते.

तिकिटांबाबत लहान आणि मोठे कार्यक्रम वेगळे धरावेत. मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे पिया, लॉसन तिकीट आणि ई-प्लस यांच्याकडून विकली जातात, प्रथम सोडत निघते आणि नोंदणीला बहुधा जपानी भ्रमणध्वनी क्रमांक लागतो. सोडत लागली की पैसे कोंबिनीत, म्हणजे गल्लोगल्ली असणाऱ्या किरकोळ वस्तूंच्या दुकानात, रोख भरता येतात. लहान कार्यक्रमांसाठी इतके करावे लागत नाही. बँडच्या समाजमाध्यमावरील खात्यावर आपले नाव, कार्यक्रमाची तारीख आणि किती जण येणार हे कळवले की ते तिकीट आपल्यासाठी राखून ठेवतात, त्याला तोरिओकी म्हणतात, आणि दाराशी आगाऊ तिकिटाच्या दराने पैसे घेतले जातात. अन्यथा त्याच दिवशीच्या तिकिटाला बहुधा 500 येन जास्त पडतात. साध्या जपानीत लिहिलेला दोन ओळींचा संदेश पुरेसा होतो. सोडत न लागल्यास मात्र कोणाकडून चढ्या भावाने तिकीट घेऊ नका. 14 जून 2019 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार ठराविक प्रकारच्या तिकिटांची चढ्या दराने व्यवसाय म्हणून फेरविक्री हा गुन्हा आहे, आणि ओळखपत्र तपासून प्रवेश देणाऱ्या कार्यक्रमात असे तिकीट दारातच निरुपयोगी ठरते.

आणखी दोन गोष्टी. तिकिटांवरील क्रमांक क्रमाने पुकारून आत सोडतात, म्हणून पुढे उभे राहायचे असेल तर दार उघडण्याच्या वेळेपूर्वी पोहोचावे. कानात घालण्याचे बोळे मात्र नक्की जवळ ठेवावेत, कारण तळघरातील आवाज खरोखरच मोठा असतो.

चांदणवाट

टाळमृदुंग यांनी संगीताविषयी इतके नेमके लिहिले आहे की मी केवळ रात्रीविषयी लिहिते. मीही अनेकदा एकटी जाते. येथील कार्यक्रम संध्याकाळी साडेसहा-सातला सुरू होतात आणि नऊ-साडेनऊपर्यंत आटोपतात, त्यामुळे परतीची गाडी चुकण्याचा प्रश्न लाइव्ह हाउसमध्ये सहसा उद्भवत नाही. प्रश्न येतो तो त्यानंतर कोठे बसण्याचा मोह झाला तर. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सुटतात आणि पहिली पाचच्या सुमारास निघते. टोकियोत रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत टॅक्सीला 20 टक्के अधिभार लागतो, आणि शिंजुकूहून निशी-कासाईचे अंतर मोठे आहे. शेवटच्या गाडीची वेळ घरून निघतानाच पाहून ठेवावी, कारण दूरच्या स्थानकाकडे जाणारी शेवटची गाडी त्याच मार्गावरील शेवटच्या गाडीच्या बरीच आधी सुटलेली असू शकते.

रात्रभर नृत्य चालणारे क्लबही आहेत आणि आता ते उघडपणे चालतात. 1948 च्या कायद्यामुळे ग्राहकांना नाचू देणाऱ्या जागांना विशेष परवाना लागत असे आणि मध्यरात्रीनंतर तेथे नृत्य करणे बेकायदा ठरत असे. 2012 मध्ये ओसाकातील एका क्लबच्या चालकावर खटला झाला, तो निर्दोष सुटला, आणि संगीतप्रेमींनी चालवलेल्या मोठ्या मोहिमेनंतर कायदा बदलून 23 जून 2016 पासून, आतील प्रकाश 10 लक्सपेक्षा अधिक ठेवण्याच्या अटीवर, ठराविक भागांत रात्रभर नृत्याला परवानगी मिळाली. मला स्वतःला हा बदल फार मोलाचा वाटतो. अशा ठिकाणी ओळखपत्र विचारतात, कारण 2022 मध्ये सज्ञानतेचे वय 18 झाले तरी मद्यपानाचे वय 20 च आहे. झायर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचे ओळखपत्र, तर आपल्याला कायद्यानेच सतत जवळ बाळगावे लागते.

शिंजुकूतील काबुकिचो या रात्री गजबजणाऱ्या वस्तीत रस्त्यावर उभे राहून स्वस्त दरांची आमिषे दाखवणाऱ्यांच्या मागे कधीही जाऊ नये. बिल देताना तेथे भरमसाट रक्कम मागितल्याचे प्रकार घडतात आणि तसे इशारेही तेथे ध्वनिक्षेपकावरून दिले जातात. शिबुया स्थानकाच्या परिसरात ऑक्टोबर 2024 पासून संध्याकाळी सहा ते पहाटे पाच रस्त्यावर मद्य पिण्यास मनाई आहे. तुम्हाला त्याची अडचण नाही, पण सोबतच्या मित्रांना सांगून ठेवा. मद्य घेतलेल्या मित्राने सायकलवरून जाण्याचा हट्ट धरला तर त्यालाही आवरा, कारण नोव्हेंबर 2024 पासून त्याचीही शिक्षा कडक झाली आहे.

रातराणी

आपण दोघांनीही मनापासून लिहिलेत, आभारी आहे. पेयाचे आणि तोरिओकीचे कारण कळल्यामुळे माझा संकोच बराच कमी झाला. जॅझच्या ठिकाणी बसून ऐकण्याची पद्धत निराळी असते का? तेथे खाणे घ्यावेच लागते का आणि एकट्या श्रोत्याला विचित्र वाटत नाही ना?

कामोकाठ

मी क्योतोत राहतो, पण कामासाठी टोकियोत येणे होते, तेव्हा शिंजुकूच्या पिट इनला जाणे टाळत नाही. 1965 मध्ये सुरू झालेली ही जागा म्हणजे जपानी जॅझचे मोठे घर आहे. योसुके यामाशिता यांच्यासारखे पियानोवादक तेथे वाजवत मोठे झाले. खुर्च्या रंगमंचाकडे तोंड करून मांडलेल्या असतात आणि बहुतेक श्रोते एकटेच आलेले असतात, म्हणून तुमचा प्रश्न तेथे उरतच नाही. संथ गत चालू असताना कोणी पेल्यातील बर्फही हलवत नाही. एकल वादन संपल्यावर टाळ्या देतात, पण आपल्या मैफलीत जशी मध्येच वाहवा उमटते तशी तेथे उमटत नाही. श्रोत्यांची ती शांतता हीच दाद असते. तेथे दुपारीही कार्यक्रम होतात, त्यांचे दर रात्रीपेक्षा कमी असतात आणि नवे वादक ऐकायला मिळतात.

दक्षिण आओयामातील ब्लू नोट टोकियो 1988 पासून आहे. तेथे परदेशी कलाकार येतात, बहुधा एका संध्याकाळी दोन सत्रे होतात आणि दोन्हींचे श्रोते वेगळे असतात. संगीताचे शुल्क आणि खाण्यापिण्याचा खर्च वेगळा, म्हणून महिन्यातून एखादे वेळी जावे असे ठिकाण. खाणे सक्तीचे नाही, एक पेय पुरते. लहान जॅझ बारमध्ये मात्र बसताच छोटीशी खाद्यवाटी आणून ठेवतात आणि तिचे पैसे बिलात लागतात. तिच्यात माशाचा रस असण्याची शक्यता मोठी, म्हणून बसतानाच "निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन" म्हणजे मांस आणि मासे मी खात नाही असे सांगावे, आणि जेवण आधीच उरकून जावे.

टोकियोबाहेर याल तेव्हा क्योतोतील ताकुताकु चुकवू नका. 1974 मध्ये साके या तांदळाच्या मद्याच्या जुन्या कोठारात सुरू झालेल्या त्या जागेच्या भिंतींवर तेथे वाजवून गेलेल्या कलाकारांचे हाताने रंगवलेले फलक लावलेले आहेत. सप्टेंबरमध्ये सेंदाईला जोझेंजी स्ट्रीट जॅझ महोत्सव भरतो, तो 1991 पासून चालू आहे, रस्त्यांवर आणि बागांत होतो आणि त्याला तिकीट लागत नाही. फुजी रॉक या संगीत महोत्सवाच्या नावात फुजी पर्वत असला तरी 1999 पासून तो नीगाता प्रांतातील नाएबाच्या स्की-उतारांवर जुलैच्या अखेरीस होतो. एचिगो-युझावा स्थानकापर्यंत शिंकान्सेन ही वेगवान रेल्वे आणि पुढे बस. डोंगरात पाऊस हटकून येतो आणि छत्री उघडली की मागच्यांना काही दिसत नाही, म्हणून चांगला पावसाळी अंगरखा आणि चिखलात टिकतील असे बूट हवेत. राहण्याच्या खोल्या फार लवकर भरतात, तेव्हा जायचे असल्यास वसंत ऋतू संपण्यापूर्वीच चौकशी सुरू करा.