येत्या मालिकेतील सुरुवातीच्या पिचरांच्या जोड्या कशा वाचाव्यात?

प्रश्न : गुहागरचा बागाईतदार

सर्वांस नमस्कार. येत्या शुक्रवारपासून शिकागोच्या रिग्ली फील्डवर कब्स आणि सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल संघांत तीन सामन्यांची मालिका सुरू होत आहे. पुतण्या शिकागोत नोकरीला असल्यामुळे गेली तीन वर्षे मी हा खेळ मनापासून पाहतो. तिकडचा दुपारी १ वाजून २० मिनिटांचा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेनुसार रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी सुरू होतो. श्रावणात बागेची कामे जरा सैल असतात, त्यामुळे पडवीत बसून, रेंज टिकली तर, पहाटेपर्यंत सामना पाहणे मला जमते.

माझी अडचण सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरांच्या (बॅटरला चेंडू टाकणाऱ्यांच्या) जोड्यांची आहे. संभाव्य पिचरांची नावे तीन-चार दिवस आधी जाहीर होतात आणि सगळीकडे अंदाजांना ऊत येतो. मी नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण यादी आदल्या रात्रीही बदलू शकते आणि मला पद्धत समजून घ्यायची आहे. पहिल्या दिवशी कार्डिनल्सचा सर्वांत भरवशाचा उजव्या हाताचा पिचर आहे आणि त्याच्यासमोर कब्सचा पाचव्या क्रमांकाचा, खाली बसणारा सिंकर चेंडू टाकणारा डावखुरा आहे. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून वेगवान उजवे आहेत, जे भरपूर बॅटर स्ट्राइक-आउट करतात (तीन स्ट्राइकवर बाद करतात), पण नऊपैकी पाचव्या इनिंगपर्यंत दमतात. तिसऱ्या दिवशी कब्सचा पहिल्या क्रमांकाचा पिचर आणि कार्डिनल्सचा, धाकट्या लीगमधून नुकताच वर आलेला मुलगा अशी जोडी आहे.

यावरून बहुतेक जण पहिला सामना कार्डिनल्सना, तिसरा कब्सना आणि निकाल दुसऱ्यावर असे सरळ मांडतात. मीही मागच्या मालिकेच्या वेळी प्रत्येक पिचरचे विजय-पराजय वहीत मांडून असाच हिशेब केला होता आणि तिन्ही अंदाज चुकले. जोडी पाहताना नेमके काय पाहावे, आणि विजय-पराजयाच्या रकान्याला किती किंमत द्यावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : मालवणचे निवृत्त क्रीडाशिक्षक

गुहागरकर, आपला प्रश्न चांगला आहे, पण त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे आणि तो आधी दूर केला पाहिजे. या जोडीला आपण दोन पहिलवानांची कुस्ती समजतो. प्रत्यक्षात ते दोघे एकमेकांसमोर येतच नाहीत. २०२२ पासून अमेरिकेतल्या दोन्ही प्रमुख लीगमध्ये पिचरच्या जागी दुसराच खेळाडू बॅटिंग करतो, त्यामुळे कार्डिनल्सच्या पिचरची गाठ कब्सच्या नऊ बॅटरांशी आणि कब्सच्या पिचरची गाठ कार्डिनल्सच्या नऊ बॅटरांशी पडते. म्हणजे एका सामन्यात जोड्या दोन असतात आणि त्या वेगवेगळ्या वाचाव्या लागतात. पहिला पिचर पाचव्यापेक्षा सरस, एवढ्यावर थांबलो तर अर्धा सामना आपण पाहिलाच नाही असे होते.

आता पिचर आणि बॅटर यांची जोडी कशी वाचावी, ते सांगतो. मी शाळेत बरीच वर्षे मुलामुलींना सॉफ्टबॉल शिकवला, त्यामुळे चेंडू हातात घेऊनच बोलतो. बेसबॉलच्या चेंडूवर १०८ दुहेरी टाके असतात. जपमाळेच्या मण्यांइतकेच, म्हणून आमच्या मुलांच्या हा आकडा कायम लक्षात राहत असे. तर्जनी आणि मधले बोट टाक्यांच्या रांगेला आडवे ठेवून चेंडू सोडला की तो उलट्या फिरकीमुळे हवेत टिकून राहतो आणि बॅटरला अपेक्षेपेक्षा वर भासतो. हा झाला चार सीमचा (शिवणींचा) फास्टबॉल. तीच बोटे जिथे टाके एकमेकांजवळ येतात तिथे, टाक्यांच्या लांबीवर ठेवली की चेंडू टाकणाऱ्या हाताच्या बाजूला वळतो आणि खाली बसतो. तो सिंकर. सिंकरवर बॅट चेंडूच्या वरच्या अंगाला लागते आणि फटका जमिनीवरून जातो. चार सीमच्या चेंडूवर एक तर बॅट हुकते, नाही तर फटका उंच उडतो.

आपला पहिला सामना इथेच उलगडतो. रिग्ली फील्ड मिशिगन सरोवराच्या काठाजवळ आहे आणि बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटकडून मधल्या आउटफिल्डकडे, म्हणजे दूरच्या कुंपणाकडे, पाहिले की तोंड ईशान्येला, म्हणजे साधारण सरोवराच्या दिशेला होते. आपल्या किनाऱ्यावर दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात, तसेच तिथे उन्हाळ्याच्या दुपारी सरोवरावरून वारे आत येतात आणि उंच उडालेला फटका कुंपणाच्या अलीकडे पाडतात. चिवल्याच्या वाळूत टेनिस बॉल खेळलेल्या कोणालाही हे सांगावे लागणार नाही. समुद्राकडे मारलेला उंच चेंडू हमखास झेलबाद करतो. पण नैर्ऋत्येकडून गरम वारा सुटला की तोच चेंडू सहज कुंपणापार जातो. १७ मे १९७९ रोजी याच मैदानावर असा वारा होता आणि फिलाडेल्फिया फिलीजनी कब्सना दहा इनिंगमध्ये २३-२२ असे हरवले. त्या दिवशीचे सुरुवातीचे पिचर होते रँडी लर्च आणि डेनिस लॅम्प. दोघांनाही एकेकच बॅटर बाद करता आला आणि दोघेही पहिल्याच इनिंगमध्ये मैदानाबाहेर गेले. आदल्या दिवशी कोणी त्यांची जोडी कितीही बारकाईने तपासली असती, तरी काय उपयोग झाला असता?

म्हणून शुक्रवारी वारा बाहेर जाणारा असेल, तर कब्सच्या सिंकरवाल्या डावखुऱ्याला मी पाचव्या क्रमांकाचा मानणार नाही. ज्याच्यावर फटके जमिनीवरून जातात, त्याला वाऱ्याची भीती कमी असते. उलट कार्डिनल्सचा भरवशाचा पिचर उंच फटके देणारा असेल, तर त्या दिवशी त्याचा भरवसा कमी धरावा. वारा आत येणारा असेल, तर मात्र आपण मांडलेला सरळ हिशेब बराचसा लागू पडेल.

हाताचाही विचार करावा. डावखुऱ्या बॅटरला डावखुऱ्या पिचरचा चेंडू पाठीमागून आल्यासारखा दिसतो आणि पुढे दूर जातो, म्हणून त्याला तो खेळणे जड जाते. कार्डिनल्स शुक्रवारी आपले डावखुरे बॅटर बसवून किती उजवे खेळवतात, ते बॅटिंगचा क्रम जाहीर झाल्यावर मोजून पाहा. उजवे जास्त असतील, तर कब्सच्या पिचरकडे चांगला चेंजअप (वेगवान चेंडूसारखाच भासणारा, पण हळू येणारा चेंडू) आहे की नाही हा खरा प्रश्न उरतो, कारण विरुद्ध हाताच्या बॅटरला चकवायला तोच चेंडू सर्वांत उपयोगी पडतो.

उत्तर २ : रत्नागिरीची संख्याशास्त्राची शिक्षिका

काका, सरांनी खेळ समजावला आहे, मी फक्त आपल्या वहीबद्दल लिहिते. विजय-पराजयाचा रकाना आजच वहीतून काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमचे आकडे १० विजय आणि ९ पराजय असे होते. नुसते एवढेच पाहणाऱ्याला तो सामान्य पिचर वाटला असता. पण क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळता नऊ इनिंगमागे त्याने सरासरी केवळ १.७० धावा दिल्या होत्या आणि नॅशनल लीगमधील सर्वोत्तम पिचरचा त्या वर्षीचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. त्याच्या संघाचे बॅटर धावा करत नव्हते, याचा दोष त्याच्या नावावर का मांडायचा? विजय नावावर लागण्यासाठी सुरुवातीच्या पिचरला किमान पाच इनिंग टाकाव्या लागतात आणि संघाने पुढेही राहावे लागते, म्हणजे त्या आकड्यात इतरांचा हात फार मोठा असतो.

त्या रकान्याच्या जागी पिचर किती बॅटर स्ट्राइक-आउट करतो आणि किती जणांना वॉक देतो (चार चुकीचे चेंडू टाकून पहिला बेस फुकट देतो), हे दोन आकडे लिहावेत. या दोन्हींत क्षेत्ररक्षकांचा संबंध जवळजवळ येत नाही, म्हणून पिचरचे स्वतःचे काम त्यांतून स्वच्छ दिसते. आणि “अमुक बॅटरने या पिचरविरुद्ध नऊपैकी चार हिट मारले आहेत” अशा वाक्यांना मुळीच भुलू नये. नऊ वेळा नाणे उडवून ते खोटे आहे की खरे हे जसे ठरत नाही, तसेच हे आहे.

शनिवारच्या सामन्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट अशी की बॅटर त्याच पिचरला जितक्या वेळा पाहतो, तितका त्याला अधिक ओळखू लागतो. बॅटिंगच्या क्रमाच्या तिसऱ्या फेरीत बॅटरांचे आकडे स्पष्टपणे सुधारतात. म्हणूनच २०२०च्या वर्ल्ड सिरीजच्या (अजिंक्यपदाच्या मालिकेच्या) सहाव्या सामन्यात टँपा बेचे व्यवस्थापक केव्हिन कॅश यांनी ब्लेक स्नेलला सहाव्या इनिंगमध्ये बाहेर काढले. तेव्हा त्याने ७३ चेंडूंत ९ स्ट्राइक-आउट केले होते, फक्त दोन हिट दिले होते आणि संघ १-० असा पुढे होता. समोरच्या लॉस एंजेलिस डॉजर्सनी तो सामना ३-१ असा जिंकून अजिंक्यपद मिळवले आणि कॅश यांच्यावर आजही टीका होते. माझ्या मते त्यांचे सूत्र बरोबर होते, पण त्या दिवशी स्नेल ज्या तऱ्हेने टाकत होता ते पाहता आणखी दोन-तीन बॅटर त्याला द्यायला हवे होते.

गुहागरचा बागाईतदार

सर आणि ताई, दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका राहते. २०२५च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सचा पिचर योशिनोबू यामामोतो याने सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात पुन्हा येऊन संघाला जिंकून दिले. मग चार-चार दिवसांच्या विश्रांतीला खरोखर इतके महत्त्व आहे का? रविवारी कब्सचा पहिला पिचर नेहमीपेक्षा एक दिवस जास्त विश्रांती घेऊन येणार आहे, म्हणून विचारतो.

उत्तर ३ : अलिबागचा विद्यार्थी

काका, यामामोतोने केले ते वर्षाच्या शेवटच्या सामन्यात, पुढचे काहीही राखून ठेवायचे नसताना. त्यावरून ऑगस्टच्या मालिकेचा अंदाज बांधू नये. पाच पिचर पाळीपाळीने टाकतात म्हणून सुरुवातीचा पिचर साधारण पाचव्या दिवशी येतो, आणि जपानमध्ये तर आठवड्यातून एकदाच टाकण्याची पद्धत आहे. यामामोतोही तिथूनच आलेला आहे. त्यामुळे रविवारचा जादा दिवस मी कब्सच्या बाजूनेच धरेन.

पण शनिवारबद्दल मला वेगळे सांगायचे आहे. दोन्ही पिचर पाचव्या इनिंगपर्यंत दमणारे असतील, तर उरलेल्या चार इनिंग रिलीव्हर, म्हणजे नंतर येणारे बदली पिचर, टाकणार आहेत. म्हणजे शनिवारची खरी जोडी दोन बुलपेनची (रिलीव्हरांच्या ताफ्यांची) आहे आणि ती शुक्रवारी रात्री ठरणार आहे. शुक्रवारी कोणाचा पिचर लवकर मैदानाबाहेर गेला आणि कोणाचे किती रिलीव्हर किती चेंडू टाकून दमले, हे आपण लिहून ठेवा. लागोपाठ दोन दिवस टाकलेल्या रिलीव्हरला तिसऱ्या दिवशी सहसा बसवतात. शिवाय २०२० पासून आलेल्या रिलीव्हरला किमान तीन बॅटरांना किंवा इनिंग संपेपर्यंत टाकावेच लागते, त्यामुळे एका डावखुऱ्या बॅटरपुरता डावखुरा पिचर आणण्याची जुनी सोय आता राहिलेली नाही.

रविवारच्या नवख्या मुलालाही कमी लेखू नये, असे मला वाटते. त्याला कब्सच्या बॅटरांनी कधी पाहिलेले नाही. पहिल्या फेरीत तो त्यांना जड जाईल आणि दुसऱ्या फेरीत त्याच्याकडे तिसऱ्या प्रकारचा चेंडू आहे की नाही ते कळेल.

गुहागरचा बागाईतदार

वहीची नवी पाने आखली आहेत. वारा, बॅटरांचे हात, स्ट्राइक-आउट, वॉक आणि रिलीव्हरांचे चेंडू असे पाच रकाने केले आहेत. शुक्रवारी सामना सुरू होण्याआधी पुतण्या मैदानावरचे झेंडे कोणत्या दिशेला फडकत आहेत ते कळवणार आहे. वारा आतला असेल तर कार्डिनल्स, बाहेरचा असेल तर कब्स, असे मी आत्ताच इथे लिहून ठेवतो. शनिवारचा अंदाज शुक्रवारचा सामना संपल्यावर, रिलीव्हरांची बेरीज करून देईन.